तुम्ही विचारलेत म्हणून : आमच्या शेवटच्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगविषयी

आमच्या बँडविषयी मला जे काही विचारले जाते ते फिरून फिरून एकाच जागी येते : वाजवताना तुम्ही लोक काय घेत होतात? कोणी हे हसत विचारतो, कोणी आवाज खाली आणून विचारतो, आणि ज्यांच्याकडे आमच्या शेवटच्या कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग आहे ते तर विचारायच्याही भानगडीत पडत नाहीत. त्या रात्री स्टेजवरचे चौघेही नशेत होते, त्याशिवाय असे वाजवता येणे शक्य नाही, असे ते धरूनच चालतात. इतकी वर्षे मी हा प्रश्न टाळत आलो. कधी विषय बदलला, कधी ‘संगीत हीच आमची नशा’ असे एक गुळगुळीत वाक्य पुढे केले. ज्याच्यासाठी मी गप्प राहिलो होतो त्या आमच्या गिटारवाल्यानेच आता लिहायला सांगितले आहे. “आजाराचं नाव लिही, माझं लिहू नकोस,” एवढीच त्याची अट आहे.

बँड कसा जमला, कुठे वाजवायचा, कोणती गाणी कोणाची, हे विचारणाऱ्यांना बहुधा ठाऊकच असते, त्यामुळे त्यात शिरत नाही. गिटार आणि गाणे त्याचे, ऑर्गन एका मैत्रिणीचा, ड्रम्सवर आमच्यातला सर्वांत कमी बोलणारा, आणि बास माझ्याकडे. साठच्या दशकातल्या सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या भासांसारखा आवाज घडवू पाहणाऱ्या, रॉकला पुढच्या पिढीच्या बँडांनी जे नवे वळण दिले, त्या वळणावरचे आम्ही : एक-दोन कॉर्डवर उभी राहिलेली लांबलचक गाणी, फझचा फाटका आवाज, ट्रेमोलोचे हेलकावे, आणि एकमेकांवर साचत जाणारे प्रतिध्वनी.

सरळ उत्तर आधी देतो. स्टेजवर किंवा सरावात आम्ही काहीही घेत नव्हतो. हे ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर जी निराशा उतरते ती आता मला ओळखता येते, आणि दर वेळी तिचा तितकाच राग येतो. हे संगीत ज्यांनी फक्त ऐकले आहे त्यांना ते सैल वाटते. ज्यांनी वाजवले आहे त्यांना त्यात सैल असे काहीच सापडत नाही. मिनिटाला 100 ठोक्यांचा वेग धरला तर दोन ठोक्यांमध्ये 600 मिलिसेकंद असतात, आणि गिटारचे डिले पेडल, म्हणजे वाजवलेला स्वर ठरावीक वेळाने पुन्हा ऐकवणारे यंत्र, त्या 600 वर लावलेले असते. ड्रमर थकून 96 वर घसरला की ठोका 625 वर जातो, पेडल मात्र 600 वरच राहते, आणि मग प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा थोडा अधिक लवकर येऊन पडू लागतो. दहाव्या-बाराव्या फेरीला सगळा चिखल होतो. एकच कॉर्ड वीस मिनिटे वाजवताना लपायला जागा नसते. पुढची ओळ, पुढचा सूरबदल, पुढचा सोलो यांपैकी काहीही मदतीला येणार नसते. आमचा ड्रमर कार्यक्रमाआधी दोन तास नुसता गप्प बसून राहायचा तो त्यासाठी.

आता उरलेले अर्धे उत्तर. आम्ही सोवळे नव्हतो. कॉलेजच्या दिवसांत आमच्यातल्या काहींनी काही गोष्टी करून पाहिल्या होत्या. त्यांत मी होतो आणि तोही होता. त्याचा मला अभिमान नाही आणि त्यावर पांघरूण घालण्याची गरजही वाटत नाही. पण कॉलेजमधल्या त्या रात्री आणि आमचे संगीत यांच्यामध्ये लोक जी सरळ रेषा ओढतात, ती मला मान्य नाही.

ती रेषा ओढण्याचा सगळा दोष विचारणाऱ्यांचा आहे असेही मी म्हणणार नाही. या परंपरेने ती स्वतःच ओढून ठेवली आहे. टेक्ससमधल्या थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्स या बँडने 1966 साली आपल्या पहिल्या अल्बमच्या नावातच ‘सायकेडेलिक’ हा शब्द घातला, आणि ‘इलेक्ट्रिक जग’, म्हणजे माइक लावून तोंडाने वाजवायचा घडा, वाजवणारा त्यांचा टॉमी हॉल तर बँडने एलएसडी (लोक ज्याला ‘ॲसिड’ म्हणतात ते भास घडवणारे द्रव्य) घेऊनच वाजवावे अशा मताचा होता. इंग्लंडमधल्या रग्बी गावातून 1982 साली निघालेल्या स्पेसमेन थ्री या बँडच्या जुन्या डेमोंचा संग्रह 1990 मध्ये बाजारात आला त्याचे नावच मुळी ‘टेकिंग ड्रग्ज टू मेक म्युझिक टू टेक ड्रग्ज टू’ असे होते. आम्ही या सगळ्यांना देवासारखे मानत होतो. आमच्या पोस्टरांवर तेच वितळणारे अक्षर, तेच फिरणारे रंग. तेव्हा आमच्याकडे पाहून कोणाच्या मनात हा प्रश्न आला तर त्याला आम्हीच आमंत्रण दिले होते, हे मला दिसते.

पण याच परंपरेतल्या दुसऱ्या गोष्टी कोणी सांगत नाही, त्याचा मला विषाद वाटतो. एलेव्हेटर्सचा गायक रॉकी एरिक्सन. त्याची कथा सांगणारे 1969 साली एका गांजाच्या सिगरेटवरून झालेल्या अटकेपाशी रंगतात. तुरुंग टाळण्यासाठी त्याने आपण वेडे असल्याचा बचाव केला, टेक्ससमधल्या रस्क इथल्या मनोरुग्णालयात त्याला 1972 पर्यंत डांबून ठेवले, विजेचे झटके दिले, हे सगळे चवीने सांगितले जाते. त्या अटकेच्या आदल्याच वर्षी त्याला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले होते, हे मात्र ओझरते येते. आणि 2001 साली त्याच्या धाकट्या भावाने त्याचे कायदेशीर पालकत्व मिळवले, त्याच्यावर नीट उपचार सुरू केले, आणि तो माणूस पुन्हा स्टेजवर उभा राहून गाऊ लागला, 2019 मध्ये तो गेला त्याआधीची कित्येक वर्षे तो लोकांसमोर वाजवत होता, हा भाग तर बहुतेकांना माहीतच नसतो. मला विचाराल तर त्या आयुष्यातला सर्वांत मोठा भाग तोच आहे. नशेची गोष्ट सांगायला सोपी असते, कारण तिच्यात बंडखोरी असते. भावाने वेळेवर गोळ्या दिल्या, दातांच्या डॉक्टरकडे नेले, यात सांगणाऱ्याला रस वाटत नाही.

सिड बॅरेटचेही तेच. 1968 साली तो पिंक फ्लॉइड या आपल्या इंग्लिश बँडमधून बाहेर पडला त्याला अर्धशतक उलटून गेले, आणि त्याचे नेमके काय झाले होते यावर अजूनही मतभेद आहेत. पण कोणाशीही बोला, उत्तर एका शब्दात तयार असते : ॲसिड.

आमच्या गिटारवाल्याला बायपोलर आजार आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य आणणारा. बँड सुरू झाल्यावर काही काळाने तो खोल नैराश्यात गेला, घराबाहेर पडेना, आणि त्याआधी कधीतरी आम्ही ज्याला त्याचा झपाटा म्हणत होतो तो उन्माद होता, हे डॉक्टरांनी मागे वळून पाहत सांगितले. त्याला लिथियम सुरू झाले. हे काही नवे औषध नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी उन्मादावरचा त्याचा परिणाम 1949 मध्ये मांडला, आणि आजही या आजारात त्याचे स्थान पक्के आहे. त्याला ते लागू पडले. तो झोपू लागला, जेवू लागला, सरावाला वेळेवर येऊ लागला. आमच्या ज्या दोन गाण्यांवर लोक सर्वांत जास्त प्रेम करतात ती त्याने गोळ्या घेत असताना, पूर्ण शुद्धीत, वहीत आकडेमोड करत बसवली आहेत. ही माहिती मी मुद्दाम देतो आहे, कारण ‘बरा झाला की कलावंत संपतो’ असे मला तोंडावर सांगणारे भेटलेले आहेत.

मात्र लिथियमने हाताला बारीक कंप सुटतो. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना. तो आपली पेडले स्वतः बनवत असे, आणि मला तो कंप पहिल्यांदा दिसला तो सोल्डरिंग करताना : तापलेले टोक जोडाच्या जागेवर टेकण्याआधी हवेत थरथरत होते, आणि तो श्वास रोखून ते स्थिर होण्याची वाट पाहत होता. जोरात स्ट्रमिंग करताना काही जाणवत नसे. पण हळू, एकेक तार वेगळी छेडायची असली की पिक त्याच तारेला दोनदा लागायचे. यावर त्याने जी युक्ती काढली ती आजही मला अचंबित करते. त्याने ट्रेमोलोचा वेग वाढवत वाढवत जवळजवळ आपल्या हाताच्या थरथरीपर्यंत आणून ठेवला. ट्रेमोलो आवाजाला भराभर लहानमोठा करतो; त्या हेलकाव्यात दुहेरी लागलेला आघात मिसळून जायचा आणि ऐकणाऱ्याला ती खुबी वाटायची. आमच्या त्या काळातल्या गिटारच्या ज्या लकाकत्या आवाजाविषयी मला पेडलची नावे विचारली जातात, तो आवाज असा जन्माला आला. पेडल साधे होते.

पुढे ही युक्ती त्याला पुरेनाशी झाली. शेवटच्या कार्यक्रमाच्या काही आठवडे आधी त्याने कोणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. हात स्थिर झाला. मी हे लिहितो आहे तेव्हाही त्यातली सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट ही आहे की त्या कंपावर इलाज असतात. रक्तातली लिथियमची पातळी तपासून मात्रा थोडी कमी करता येते, प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध जोडता येते, आणि पुष्कळदा तेवढ्यावर कंप आटोक्यात येतो. एकदम औषध सोडल्याने मात्र उन्माद परतण्याचा धोका मोठा असतो. त्याला यातले काही माहीत नव्हते. विचारायला गेलो तर डॉक्टर वाजवणेच बंद करायला सांगतील, अशी त्याची समजूत होती.

तेव्हा ‘त्या रात्री तो काय घेऊन आला होता’ याचे उत्तर असे, की जे घ्यायला हवे होते ते त्याने घेतले नव्हते.

त्याआधीचा महिना आमच्या आठवणीत लख्ख आहे, आणि तो लख्ख आहे हेच अवघड आहे. तो पहाटे फोन करून चाली ऐकवायचा. एका आठवड्यात त्याने जेवढे बांधले तेवढे आधीच्या वर्षात झाले नव्हते, आणि ते कचरा नव्हते. त्यातले काही आजही माझ्या कानात चांगले वाजते. तो बोलका झाला होता, उदार झाला होता, हसत होता. इतक्या दिवसांचा मंदावलेला मित्र आम्हाला परत मिळाल्यासारखे वाटले. मैत्रीण एकदा म्हणाली, “हा झोपत नाहीये रे.” ड्रमरने आणि मी ते ऐकले. कार्यक्रम जवळ आला की कोण झोपते, असे तेव्हा बोलणे झाले.

त्या रात्रीचे शेवटचे गाणे ‘ई’ या एकाच स्वरावरचे होते आणि ते साधारण वीस मिनिटांत संपवायचे असे ठरले होते. सुरुवात आजवरच्या कोणत्याही सुरुवातीपेक्षा चांगली झाली. ड्रमर घट्ट होता, ऑर्गनचा पट्टा खाली पसरलेला होता, आणि गिटारवाला डोळे मिटून अगदी थोडे वाजवत होता. मग गाणे चालू असताना, एका हाताने तार छेडत, त्याने दुसऱ्या हाताने खुंट्या पिळायला घेतल्या. सहाच्या सहा तारा त्याने कानाने एकाच स्वरावर आणल्या. ही कल्पना नवी नाही. अमेरिकन गिटारवादक-गायक लू रीडने 1964 सालच्या ‘द ऑस्ट्रिच’ या गाण्यात सगळ्या तारा एकाच स्वरात लावल्या होत्या आणि पुढे व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या त्याच्या बँडमध्येही तारांची ती जुळणी वापरली गेली. पण ते आधी निवांत लावून घेतात. लोकांसमोर, गाण्याच्या पोटात, सूर घसरत घसरत एकमेकांत विरघळताना ऐकणे ही वेगळीच गोष्ट होती. तंबोरा जुळत येताना शेवटच्या क्षणी चारही तारा एकदम बोलू लागतात, तसे झाले. रेकॉर्डिंगमध्ये तिथे कोणीतरी ओरडतो. मीही मनातून ओरडलो होतो. ते क्षण मी कोणाच्याही सांगण्यावरून आजाराच्या खात्यात टाकणार नाही.

मग तो बोलू लागला. माइकवर नव्हे, माइकच्या बाजूला, कोणाशी तरी. वीस मिनिटे झाली, पंचवीस झाली. मी शेवटाची खूण केली तेव्हा तो माझ्याजवळ आला आणि कानाशी म्हणाला, “थांबू नकोस. आपण थांबलो की यांचा श्वास बंद पडेल.” ‘यांचा’ म्हणजे समोर उभ्या असलेल्या लोकांचा. तो घाबरलेला नव्हता. एखादे ओझे आपल्यावर सोपवले आहे आणि ते आपण पेलतो आहोत, असा त्याचा चेहरा होता. मला त्या वाक्याने सगळे कळले असे म्हणता येणार नाही, पण हा माणूस आता आपल्यात नाही, एवढे कळले.

ड्रमरने माझ्याकडे पाहिले. त्याला थांबायचे होते. मी मान हलवून नको म्हटले आणि वाजवत राहिलो. मैत्रिणीने खिशातला गाण्यांच्या यादीचा कागद काढला, त्याची जाड घडी केली, ऑर्गनच्या दोन पट्ट्या दाबून त्यांच्या कडेच्या फटीत ती घडी पक्की खोचली आणि ती स्टेजवरून उतरून गेली. बाहेर जाऊन तिने त्याच्या ताईला फोन केला. रेकॉर्डिंगच्या उत्तरार्धातल्या ऑर्गनविषयी, त्या तसूभर न हलणाऱ्या सुराच्या संयमाविषयी, मला किती जणांनी भरभरून सांगितले आहे. त्या वेळी ऑर्गनपाशी कोणी नव्हते.

ताई येईपर्यंत जो वेळ गेला तो मी शक्य तितक्या साधेपणाने वाजवला. एक स्वर, ठोक्यावर. बाजूला त्याच्या डिलेचा फीडबॅक वाढत वाढत स्वतःवरच चढू लागला होता. पेडल त्या टोकाला गेले की हात तारेवरून काढला तरी आवाज थांबत नाही, उलट फुगतच जातो. साउंडवाला तो खाली आणत होता, हा इकडून वर नेत होता. लोकांना ते आवडत होते. पुढच्या रांगेतली मुले डोळे मिटून डुलत होती. शेवटी ताई बाजूच्या दाराने आत आल्या, केबलींवरून वाट काढत सरळ स्टेजवर चढल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने वळून पाहिले. ताई काय म्हणाल्या ते त्या गोंगाटात कोणालाच ऐकू आले नाही. पुढे कधी मी त्यांना ते विचारलेही नाही. त्याने आपणहून आवाज शून्यावर आणला. ड्रमर थांबला, मी थांबलो. ऑर्गन तेवढा चालूच राहिला, तो मी जाऊन घडी उपसून बंद केला. मग टाळ्या सुरू झाल्या आणि त्या खूप वेळ चालल्या. तेवढ्यात आम्ही त्याला मागच्या दाराने गाडीत बसवत होतो. रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो सतत विचारत होता, “ते बरे आहेत ना?”

‘आम्ही शेवट किती अचानक केला, काय धाडस’ असे ज्याचे कौतुक होते, तो शेवट हा आहे.

तेव्हाच खरे का सांगितले नाही, असे तुम्ही विचाराल. अफवा दुसऱ्याच दिवशी उठली होती आणि ती आम्ही खोडली नाही, ती काकूंच्या म्हणजे त्याच्या आईच्या सांगण्यावरून. त्या म्हणाल्या, “नशा केली म्हणू देत. नशा सुटते असं लोक मानतात. वेडाचा शिक्का एकदा बसला की तो कोणी पुसू देत नाही.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आज कोणी मला सांगितले की त्या चुकत होत्या, तर मी त्या माणसाला विचारीन की त्याने अशा घरातले लग्न मोडताना, नोकरी हुकताना पाहिली आहे का. आणि आमच्या ऐकणाऱ्यांपुरते बोलायचे तर काकूंचा अंदाज अचूक ठरला. नशेच्या गोष्टीने त्याची किंमत वाढली. आजाराच्या गोष्टीने काय झाले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

बँड बंद पडला तो त्याच्या आजाराने नव्हे. काही महिन्यांनी तो बरा झाला, गोळ्या नीट मात्रेवर आल्या, हातही पुष्कळ स्थिर झाला. बंद पडला तो ड्रमर आणि माझ्यातल्या भांडणामुळे. त्याचे म्हणणे तेव्हाही होते आणि आजही आहे की पहिल्या क्षणी थांबायला हवे होते, दिवे लावायला हवे होते. मित्र भ्रमात असताना त्याला लोकांसमोर पाव तास उभे ठेवणे आणि मागून ताल धरणे हे त्याचा तमाशा करणे होते. “आपण त्याला वाजवलं,” असे तो म्हणाला, आणि त्यानंतर तो सरावाला आला नाही. माझे म्हणणे असे, की आपण थांबलो तर माणसे मरतील अशी ज्याची खात्री आहे त्याच्यासमोर एकाएकी थांबणे म्हणजे त्याच्या डोळ्यांदेखत ती माणसे मारणे होते, आणि हातात गिटार असेतो तो एका जागी तरी होता. ताई माझ्या बाजूने आहेत. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी दोन्हीपैकी कोणतीच बाजू घेतली नाही; आवाज आणि गर्दी कमी करणे नेहमीच चांगले, पण अंगावर जाऊ नये हेही खरे, असे म्हणून त्यांनी सोडून दिले. मी माझ्या निर्णयावर कायम आहे. तरी ड्रमरचे ते एक वाक्य मला खोडता आलेले नाही, कारण त्या पाव तासातला काही वेळ मला वाजवायला आवडत होते.

ज्या काळात मी ‘संगीत हीच आमची नशा’ म्हणत फिरायचो, त्या काळातल्या माझ्याशी माझे रोज भांडण होते. त्या जुन्या ‘मी’ला वाटायचे की एका स्वरावर पुरेसा वेळ राहिले की माणूस स्वतःच्या पलीकडे जातो आणि तिथे जे सापडते ते नेहमी चांगलेच असते. पहिल्या अर्ध्यावर माझा आजही विश्वास आहे. स्पेसमेन थ्रीने 1988 साली ब्रेंटफर्डच्या एका कला केंद्रात, चित्रपटाची वाट पाहत बसलेल्या लोकांसमोर, पाऊण तासाच्या आसपास जवळजवळ एकच स्वर धरून ठेवला होता. ते रेकॉर्डिंग ऐकताना मला अजूनही काहीतरी होते, आणि ते होण्यासाठी मला कधी कशाची मदत लागली नाही. दुसऱ्या अर्ध्याचे काय करायचे ते मला समजत नाही. कॉलेजमध्ये गिटारवाल्याने जे काही घेतले त्याने त्याचा आजार ओढवला का, असेही लोक विचारतात. गांजासारख्या गोष्टींनी अशा आजारांचा धोका वाढतो, हे संशोधनात वारंवार दिसले आहे. पण एका विशिष्ट माणसाच्या बाबतीत बोट ठेवून सांगता येत नाही, असे त्याच्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. त्याच्या मामांनाही हाच आजार होता. याहून पक्के उत्तर मी देऊ शकत नाही आणि कोणी देत असेल तर त्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

राहिला प्रश्न रेकॉर्डिंगचा. ते अधिकृतपणे काढा, असे मला सतत सांगितले जाते. त्याला ते काढायचे आहे, पण तारा जुळतात त्यापुढचे सगळे कापून. “तिथपर्यंत मी आहे,” असे तो म्हणतो. मला ते कापणे पटत नाही : एकतर पूर्ण, कागदाच्या घडीसकट, काय झाले ते सोबत लिहून, नाहीतर मुळीच नको. ड्रमरला मुळीच नको आहे. मैत्रीण म्हणते, हे ठरवण्याचा अधिकार फक्त त्याचा आहे आणि मी गप्प बसावे. या विषयावर आम्ही चौघे पुन्हा एकमेकांशी बोलू लागलो आहोत, पण एकमत होण्याच्या जवळपासही नाही, त्यामुळे कृपया माझ्याकडे प्रत मागू नका. ज्यांच्याकडे ती आधीच आहे त्यांनी ती ठेवावी. परत मागण्याचा त्याचा विचार नाही. फाइलच्या नावात बहुतेक ठिकाणी ‘ॲसिडवरचा शेवटचा कार्यक्रम’ असे लिहिलेले असते, तेवढे मात्र काढून टाका. हे त्याने सांगितले आहे, आणि या एका गोष्टीवर आम्हा चौघांचे एकमत आहे.